पुणे आणि पिंपरी-चिंचवड: महापालिका एक करावी की कामे एक करावीत?

प्रश्न असा आहे: पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही शहरे आता एकमेकांना लागून वाढली आहेत, हजारो माणसे एका हद्दीत राहतात आणि दुसऱ्या हद्दीत कामाला जातात, मेट्रो आणि बस दोन्हीकडे एकच आहे, मग दोन आयुक्त, दोन महापौर, दोन स्थायी समित्या आणि दोन विकास आराखडे कशासाठी? दोन्ही महापालिका विलीन करून एकच मोठी महापालिका केली तर खर्च वाचणार नाही का आणि नियोजन सुधारणार नाही का?

माझी नोकरी नागरी स्थानिक संस्थांच्या लेखा आणि आस्थापना विभागांत झाली, हद्दवाढीनंतरची कागदपत्रे जुळवण्याचे काम मी प्रत्यक्ष केले आहे आणि त्या अनुभवावरून माझे उत्तर स्पष्ट आहे: या दोन महापालिका विलीन करू नयेत. मात्र नदी, बस, कचरा आणि पाण्याचा मूळ स्रोत ही जी कामे हद्द ओलांडून जातात, ती आज आहेत त्यापेक्षा कितीतरी अधिक घट्टपणे एकत्र आणली पाहिजेत, आणि तेही पैशाची जबाबदारी कायद्याने ठरवून. विलीनीकरणाला माझा सरसकट विरोध नाही. काही ठिकाणी ते आवश्यकच असते आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण खुद्द पिंपरी-चिंचवडच आहे.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली. राजकीय नेते अण्णासाहेब मगर यांचा त्यात पुढाकार होता. पुढे १९८२ मध्ये तिची महापालिका झाली. चारही गावांच्या शिवारात कारखाने उभे राहत होते, कामगार वस्ती वाढत होती, आणि एकाही ग्रामपंचायतीकडे पाणीयोजना आखणारा अभियंता ठेवण्याची ऐपत नव्हती. चौघांची गरज एक होती, आणि मुख्य म्हणजे एकत्र आल्याबरोबर जकातीच्या रूपाने उत्पन्नही हाती आले. त्या उत्पन्नातून रस्ते, गटारे आणि जलशुद्धीकरण केंद्रे वस्तीच्या फार मागे न पडता बांधता आली. एकत्रीकरण यशस्वी होण्यासाठी ज्या अटी लागतात त्या तेथे पूर्ण होत्या: घटक दुबळे होते, वस्ती सलग होती, आणि नव्या संस्थेला पहिल्या दिवसापासून स्वतःचे उत्पन्न होते.

आजच्या दोन महापालिकांना या अटी लावून पाहाव्यात. २०११ च्या जनगणनेनुसार पुण्याची लोकसंख्या सुमारे ३१ लाख २४ हजार आणि पिंपरी-चिंचवडची सुमारे १७ लाख २७ हजार होती. दोन्हींकडे पूर्ण वाढलेली यंत्रणा आहे, स्वतःचे अभियंते आहेत, दोन्हींनी बाजारात स्वतःचे कर्जरोखे विकले आहेत. पुण्याने २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे काढले, तेव्हा गुंतवणूकदारांनी पुणे महापालिकेच्या करवसुलीची पत पाहून पैसे दिले होते. एकट्याने जमत नाही म्हणून दोघांनी एकत्र यावे, अशी स्थिती यांपैकी कोणाचीच नाही.

खर्च वाचण्याचा मुद्दा विचारणाऱ्याच्या मनात सर्वांत पुढे आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. दोन आयुक्तांच्या जागी एक आला, दोन नगरसचिवांच्या जागी एक आला, तर काही पगार वाचतात हे खरे. परंतु महापालिकेचा आस्थापना खर्च वरच्या वीस खुर्च्यांवर होत नाही. तो सफाई कामगार, वाहनचालक, लिपिक, कनिष्ठ अभियंते, परिचारिका आणि शिक्षक यांच्या वेतनावर होतो, आणि शहर तेवढेच राहिले तर ही माणसेही तेवढीच लागतात. शिवाय विलीन होणाऱ्या संस्थेतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींना कायद्याच्या संक्रमणकालीन तरतुदींनी संरक्षण असते, त्यामुळे कोणाचेही वेतन कमी करता येत नाही. एकाच कार्यालयात, एकाच पदनामाच्या दोन माणसांना दोन वेगळे भत्ते देणे फार काळ टिकत नाही. संघटना निवेदन देते, प्रकरण न्यायालयात जाते आणि शेवटी सर्वांना वरची पायरी द्यावी लागते. कॅनडातील टोरांटो शहरात १९९८ मध्ये सहा नगरपालिका एक केल्या गेल्या, तेव्हा मोठ्या बचतीची ग्वाही देण्यात आली होती, पण वेतने वरच्या पातळीवर जुळवावी लागल्याने ती बचत हाती लागली नाही.

याहून अवघड काम सेवाज्येष्ठता यादीचे असते. बाहेरच्या माणसाला ही बाब किरकोळ वाटेल, पण आतून पाहिलेला कोणीही सांगेल की विलीन झालेल्या संस्थेची पहिली काही वर्षे याच यादीत जातात. समजा, एका संस्थेत लिपिकाला दहा वर्षांत वरिष्ठ लिपिकाची पदोन्नती मिळाली, कारण तेथे पदे रिक्त होती. दुसऱ्या संस्थेत त्याच्याआधी लागलेला लिपिक अठरा वर्षे त्याच पदावर राहिला, कारण तेथे आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांची रचना, तोकडा होता. आता एकत्रित यादीत वर कोण? नियुक्तीचा दिनांक धरला तर पहिला संतापतो, पदोन्नतीचा धरला तर दुसरा. त्यात बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार पदांचा क्रम ठरवणारी नोंदवही, नव्याने तपासून घ्यावी लागते, आणि ती प्रमाणित होईपर्यंत पदोन्नत्या थांबतात. या काळात बहुतेक खाती ‘अतिरिक्त कार्यभार’ या दोन शब्दांवर चालतात. रस्त्याच्या निविदेवर सही करायला पूर्णवेळ अधिकारी नसतो आणि नागरिकाला मात्र महापालिका मोठी झाल्याचे सांगितले जाते. माणसे वाईट असतात म्हणून हे घडत नाही. प्रत्येकाचा निवृत्तिवेतनापर्यंतचा हिशेब त्या यादीत अडकलेला असतो, हे समजून घेतले पाहिजे.

कराचा प्रश्न तर थेट नागरिकाच्या दारात येतो. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत देण्याची पद्धत १९७० च्या ठरावापासून चालत आली. राज्य शासनाने ती मध्यंतरी काढली, त्यावरून शहरात मोठा असंतोष झाला आणि २०२३ मध्ये ती पुन्हा लागू करावी लागली. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडमध्ये अनधिकृत बांधकामांवरील शास्तीकर (दंड म्हणून लावलेला जादा कर) माफ करण्याचा निर्णय झाला, ज्यासाठी तेथील लोक अनेक वर्षे झगडत होते. मुळेच्या एका काठावरचा जिव्हाळ्याचा प्रश्न सवलतीचा होता आणि दुसऱ्या काठावरचा शास्तीचा. दोन्ही शहरांची वाढ वेगळ्या रीतीने झाली असल्याने त्यांच्या करनोंदवह्यांचा स्वभावही वेगळा आहे. उद्या एक महापालिका झाली, तर सवलती आणि दर सर्वत्र सारखे करावे लागतील. ते खाली आणले तर उत्पन्न बुडते आणि वर नेले तर ज्यांचा कर वाढला ते विचारतात की आम्ही हे मागितले कधी होते.

नियोजन एकसंध होईल हा दुसरा मुद्दा. त्यात तथ्य आहे, पण त्याचा मोठा भाग विलीनीकरणाशिवायच साधला गेला आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली आणि बांधकामाचे नियम दोन्ही शहरांत बहुतांशी सारखे झाले. मेट्रोची पहिली मार्गिका पिंपरीतून निघून स्वारगेटपर्यंत जाते, तिला हद्दीची अडचण झाली नाही. याउलट पोलिसांच्या बाबतीत राज्याने दुसरी दिशा धरली आणि १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू केले, कारण एका आयुक्तालयाला एवढा पसारा झेपत नव्हता. शिवाय महापालिका एक केल्या तरी पुणे, खडकी आणि देहूरोड ही तीन कटक मंडळे (लष्करी छावण्यांचा नागरी कारभार पाहणाऱ्या संस्था) वेगळीच राहतात. ‘एक शहर, एक कारभार’ हे चित्र म्हणूनच कागदावर जितके सुबक दिसते तितके प्रत्यक्षात उतरत नाही.

पाण्याबद्दलही मोठा गैरसमज आहे. पुणे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या साखळीवर जगते, पिंपरी-चिंचवड पवना धरणावर, आणि भामा-आसखेडमध्ये दोघांचा वाटा आहे. पाण्याचा कोटा जलसंपदा विभाग ठरवतो, आणि खडकवासल्याच्या कालव्यावर दौंड-इंदापूरच्या शेतीचाही हक्क आहे. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून शहरात आणण्याच्या योजनेला मावळात विरोध झाला, ९ ऑगस्ट २०११ रोजी झालेल्या गोळीबारात तीन आंदोलक शेतकऱ्यांचा जीव गेला आणि प्रकल्प वर्षानुवर्षे रखडला. त्या शेतकऱ्यांचे म्हणणे ऐकून घेण्याचे काम महापालिका लहान असो वा मोठी, टळत नाही. विलीनीकरणाने धरणात एक थेंब पाणी वाढत नाही.

आता प्रतिनिधित्व. २०१७ च्या निवडणुकीत पुण्यात १६२ आणि पिंपरी-चिंचवडमध्ये १२८ नगरसेवक निवडून आले. आपल्या कायद्यात महापालिकेची लोकसंख्या जितकी मोठी तितकी एका नगरसेवकामागील लोकसंख्याही मोठी, असे सूत्र आहे. म्हणजे एकत्रित सभागृहात २९० सदस्य बसणार नाहीत, ती संख्या बरीच खाली येईल. तळवडेच्या किंवा दिघीच्या माणसाला नळाची तक्रार घेऊन आज जेथे जावे लागते त्याहून दूर जावे लागेल, आणि दूर म्हणजे केवळ अंतराने नव्हे. २०२२ पासून दोन्ही शहरांत अनेक वर्षे प्रशासकांचा कारभार होता, तेव्हा नगरसेवक नसण्याचा अर्थ लोकांनी पुरेसा अनुभवला आहे.

जुळी शहरे एक केल्यावर काय होते हे पाहायचे असेल, तर परदेशी जाण्याची गरज नाही. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून १९९८ मध्ये महापालिका झाली. सांगली हे संस्थानच्या राजधानीचे आणि बाजारपेठेचे गाव, मिरज हे रेल्वे जंक्शनचे, रुग्णालयांचे आणि तंतुवाद्यांच्या कारागिरांचे गाव, तर कुपवाड औद्योगिक वसाहतीचे. विश्रामबाग भागात ही वस्ती एकमेकींना मिळाली, तरी मुख्यालय आणि निधी सांगलीकडे झुकतो ही मिरजेची तक्रार आणि आम्हाला ड्रेनेज कधी हा कुपवाडचा प्रश्न पुढची कितीतरी वर्षे सभागृहात गाजत राहिला. शेजारच्या कर्नाटकात हुबळी आणि धारवाड १९६२ पासून एका महापालिकेत आहेत, आणि सहा दशकांनंतर, जानेवारी २०२५ मध्ये, तेथील मंत्रिमंडळाने धारवाडला स्वतंत्र महापालिका देण्यास मंजुरी दिली. बंगळुरूत २००७ मध्ये भोवतालच्या नगरपालिका आणि गावे सामावून एक महापालिका करण्यात आली, ती २०२५ मध्ये पाच महापालिकांत विभागण्यात आली.

विरुद्ध बाजूचे उदाहरणही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे, आणि ते दिल्लीचे आहे. दिल्ली महापालिकेचे २०१२ मध्ये तीन तुकडे झाले. श्रीमंत वसाहतींचा आणि त्यांच्या कराचा मोठा भाग दक्षिणेकडे गेला, तर पूर्व आणि उत्तर महापालिकांना सफाई कामगारांचे पगारही वेळेवर देता येईनात. संप झाले, रस्त्यावर कचरा साठला आणि २०२२ मध्ये तिन्ही पुन्हा एक करण्यात आल्या. ते विलीनीकरण योग्य होते असे माझे मत आहे. एका हद्दीत उत्पन्न आणि दुसऱ्या हद्दीत गरज अशी विभागणी झालेली असेल, तर एकत्र येणे हाच न्याय असतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्यात तशी विभागणी नाही, म्हणून तो युक्तिवाद येथे लागू पडत नाही.

मग हद्द ओलांडून जाणाऱ्या कामांचे काय? सर्वांत तातडीचे काम नदीचे आहे. मुळा नदी वाकड-बालेवाडीपासून सांगवी-औंधपर्यंत दोन्ही शहरांच्या मधून वाहते. एका काठावरची जबाबदारी एका महापालिकेची, दुसऱ्या काठाची दुसरीची. दापोडीजवळ पवना तिला मिळते, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या नाल्यांतून सुटलेले मैलापाणी थोड्याच वेळात बोपोडीच्या पुलाखाली येते, आणि पुढे संगमावर मुठा येऊन मिळते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे दोघे स्वतंत्रपणे आखतात, नदीकाठ सुधारण्याचे प्रकल्पही स्वतंत्रपणे आखतात. एका काठाला भराव आणि भिंत बांधली, तर पुराचे पाणी दुसऱ्या काठावर किती चढेल हे पाहणारा, दोघांनाही बांधील असा आदेश देऊ शकणारा एकच अधिकारी आज नाही. येथे खरोखर एका यंत्रणेची गरज आहे, आणि तिला सल्ल्याचा नव्हे तर आदेशाचा अधिकार हवा.

बसच्या बाबतीत हा मार्ग आपण आधीच चोखाळला आहे. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवांची मिळून २००७ मध्ये पीएमपीएमएल ही कंपनी झाली. तिच्या कारभाराबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, पण निगडीहून कात्रजला बस न बदलता जाता येते, आणि तूट दोन्ही महापालिका ६०:४० या प्रमाणात भरतात. या कंपनीची खरी दुखणी दोनच. तुटीची रक्कम वेळेवर येईलच अशी सक्ती नाही, आणि अध्यक्ष तथा व्यवस्थापकीय संचालक लवकर लवकर बदलतात. दोन्ही महापालिकांनी आपला हिस्सा अंदाजपत्रकात वेगळा राखून दर महिन्याच्या ठरावीक तारखेला वर्ग केला आणि प्रमुखाला तीन वर्षांचा कालावधी दिला, तर विलीनीकरणाने मिळेल त्याहून अधिक फायदा प्रवाशाला मिळेल. नदीसाठी आणि कचऱ्यासाठी असाच, हिस्सा ठरलेला आणि सक्तीचा असलेला, संयुक्त उपक्रम करता येतो. राज्यघटनेत महानगर नियोजन समितीची तरतूद १९९३ पासून आहे आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेल्या प्रतिनिधींतून यावेत असे घटनाच सांगते. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) स्थापन झाले, पण ते शासननियुक्त प्राधिकरण आहे. समितीला खऱ्या अर्थाने काम करू देणे हे विलीनीकरणापेक्षा स्वस्तही आहे आणि लोकशाहीला धरूनही.

राहिला गावांचा प्रश्न, जो मला दोन महापालिकांच्या विलीनीकरणापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो. हद्दवाढीच्या वेळी ग्रामपंचायतीचे दप्तर ताब्यात घ्यायला मी गेलो आहे. नमुना ८ म्हणजे मिळकतींची आकारणी नोंदवही, नमुना ९ म्हणजे मागणीची. एका गावात नमुना ८ मध्ये जेवढी घरे होती त्याच्या कितीतरी पट घरे रस्त्यावरून चालताना डोळ्यांना दिसत होती, आणि शाई अजून ताजी वाटणाऱ्या जागांवर जुन्या तारखांच्या बांधकाम परवानग्या आणि नेमणुकांचे आदेश लावलेले होते. अधिसूचना निघणार अशी कुणकुण लागली की असे कागद तयार होतात. ते सर्व दायित्व नव्या महापालिकेवर येते, आणि बरोबर पैसा येत नाही. मग वर्षानुवर्षे टँकर सुरू राहतो, कर मात्र टप्प्याटप्प्याने वाढतो आणि गाव बाहेर पडण्याची मागणी करते. कल्याण-डोंबिवलीची २७ गावे १९८३ मध्ये आत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली, आणि २०२० मध्ये त्यांतील १८ गावे वगळण्याचा निर्णय उच्च न्यायालयाने रद्द केला. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे झेललेली उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे २०१७ मध्ये महापालिकेत घेतली गेली आणि २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. एवढ्या येरझाऱ्यांत त्या गावांतील गटारे कोणी बांधायची होती?

म्हणूनच माझ्या मते एकत्रीकरणाची खरी गरज आज हिंजवडी, माण, मारुंजी आणि लगतच्या गावांना आहे. तेथे राजीव गांधी इन्फोटेक पार्कची जागा एमआयडीसीची (राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची), बांधकाम परवानगी आणि शिवाजीनगरकडे येणारी मेट्रो पीएमआरडीएची, गावठाणातील गटारे ग्रामपंचायतीची, आणि पाऊस पडला की तुंबणारे पाणी कोणाचेच नाही. ही गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत यावीत. मसुदा अधिसूचना निघते तेव्हा हरकती आणि सूचना मागवल्या जातात, आणि बहुतेक लोक त्या वेळी केवळ ‘समावेश नको’ किंवा ‘समावेश करा’ एवढेच लिहून देतात. त्याऐवजी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: अधिसूचनेच्या आधीच्या एका वर्षातील सर्व परवानग्या आणि नेमणुका यांची तपासणी होईपर्यंत त्या गोठवाव्यात, या भागातून पीएमआरडीएने आणि एमआयडीसीने गोळा केलेल्या विकास शुल्काची शिल्लक महापालिकेकडे वर्ग करावी, आणि पाणी व मैलापाणी वाहिन्यांसाठी किमान पाच वर्षे वेगळे अंदाजपत्रकीय शीर्ष ठेवून त्यातील रक्कम दुसरीकडे वळवण्यास मनाई असावी.